‘बघूया, होईल’ हे जर्मन बाईंना कसं सांगायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत सहा वर्षं उत्पादन नियोजन केलंत आणि दोन महिन्यांपूर्वी परदेशी ग्राहकांशी बोलायचं काम अंगावर आलं. दर गुरुवारी जर्मनीतल्या खरेदी विभागाच्या बाईंचा कॉल असतो. त्या फाडफाड बोलतात, तुम्ही ‘येस, येस’ म्हणत राहता, आणि कॉल संपल्यावर आपण नक्की काय कबूल केलं तेच आठवत नाही. दुसरा ग्राहक जपानचा, तो काहीच बोलत नाही. आता ऐंशी हजारांचा एक ऑनलाइन कोर्स दिसलाय, वाटाघाटी आणि संवादकौशल्याचा. तो करावा का, असा तुमचा प्रश्न.

कोर्सचं मागाहून सांगते. बाईंना पाठवलेल्या एका मेलचा मजकूर तुम्ही सोबत दिलाय, तो आधी बघू. व्याकरणाच्या दोन चुका आहेत, त्यांनी कुणाचं काही अडत नाही. अडचण करणारं वाक्य वेगळंच आहे. ‘वी विल ट्राय अवर बेस्ट टू डिस्पॅच बाय मंथ एंड.’ हे वाक्य अगदी शुद्ध आहे, आणि तुमचं दुखणं नेमकं तिथंच आहे. तुम्हाला वाटतंय इंग्रजी कमी पडतं. मला वाटतं तुम्हाला ‘नाही’ म्हणता येत नाही. मलाही वीसेक वर्षं येत नव्हतं, म्हणून हे लांबलचक उत्तर लिहिते आहे.

मी १९९३ साली वास्कोतल्या एका खनिज निर्यातदाराच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. मुरगाव बंदरातून लोहखनिज जपानला जायचं. साहेब तोंडी सांगायचे, मी टाइप करायची. टेलेक्सला, म्हणजे तारेवरून टाइप करून पाठवायच्या निरोपाला, मिनिटागणिक पैसे पडत, त्यामुळे प्रत्येक शब्द जोखून घातला जायचा. त्यांचं उत्तर आलं की तेही माझ्याच हातून फायलीत जायचं. सात वर्षं दोन्ही बाजूंचा पत्रव्यवहार असा डोळ्यांखालून गेला. पुढे मी मासळी निर्यातीत गेले, आधी कागदपत्रं, मग विक्री, अशी वीस वर्षं. प्लास्टिकमधलं मला काही कळत नाही. किमती, साचे, माप किती इकडेतिकडे चालतं ते टॉलरन्स, यांत मी पडणार नाही. बोलण्याचं मात्र सांगू शकते.

आधी माझी फजिती सांगते. २०१६ चा मे महिना. म्हणजे मी नवखी नव्हते, हे मुद्दाम सांगते. स्पेनचा एक खरेदीदार माणकी घ्यायचा, हॉटेलात जिला स्क्विड म्हणतात ती. त्यानं विचारलं, १० ऑगस्टपर्यंत दोन कंटेनर भरून निघतील का? आता गोव्यात मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. १ ऑगस्टला ट्रॉलर सुटतात ते कागदावर. समुद्र अजून शांत झालेला नसतो, गावी गेलेले खलाशी सगळे परतलेले नसतात, आणि पहिल्या आठवड्यात जाळ्यात काय येईल हे कुटबणच्या धक्क्यावरचा म्हातारासुद्धा छातीठोकपणे सांगणार नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी लिहिलं, ‘थोडं घाईचं होईल, पण आम्ही पूर्ण प्रयत्न करू.’

माझ्या मनात त्याचा अर्थ ‘नाही’ असा होता, बाबा. कुटबणच्या कुणालाही ते वाक्य वाचून दाखवलं असतं तर त्याला कळलं असतं. पण त्या माणसानं वाचलं ते असं की तारीख १० ऑगस्ट, जरा घाईची, पण माल येतोय. त्यानं पुढे एका सुपरमार्केटला शब्द दिला. १० ऑगस्टला आमच्या शीतगृहात अर्धा कंटेनरही जमला नव्हता. माल निघाला २ सप्टेंबरला. त्याला दंड बसला, त्यानं तो आमच्याकडे मागितला, शेवटी किमतीत सूट देऊन मिटवलं. पैशांचं दुःख विसरता येतं. त्याचं फोनवरचं बोलणं मात्र अजून कानात आहे. तो म्हणाला, मे महिन्यात तू नाही म्हणाली असतीस तर मी मोरोक्कोतून माल उचलला असता आणि सप्टेंबरात पुन्हा तुझ्याकडेच आलो असतो.

आपल्याकडे ‘नाही’ तोंडावर म्हणणं उद्धटपणाचं असतं. लग्नाला जायचं नसलं तरी ‘येतो हं’ म्हणतो. सुतार ‘फाल्यां येतां’, म्हणजे उद्या येतो, म्हणतो आणि त्याचा फाल्यां कुठल्या आठवड्यात आहे ते घरातल्या पोरालाही माहीत असतं. यात खोटेपणा नाही. बोलणारा अर्धं बोलतो, उरलेलं ऐकणारा भरून काढतो, दोघांकडे एकच कोश असतो. जर्मन बाईंकडे तो कोश नाही. त्यांना शब्दाला शब्द लागतो. तुम्ही ‘प्रयत्न करू’ म्हटलंत की त्या तारीख लिहून घेतात आणि पुढच्या गुरुवारी ती विचारतात. तुम्हाला वाटतं बाई खडूस आहे. बाईंना वाटतं हा माणूस शब्द पाळत नाही.

यावर उपाय म्हणून नुसतं ‘नो’ म्हणायला शिकवणारे बरेच आहेत. ते अर्धवट आहे, आणि तसं तोडून बोलणं आपल्याला शोभतही नाही. मी स्वतःला लावून घेतलेली सवय अशी: काय जमणार नाही, काय जमेल, आणि ते जमण्यासाठी तुमच्याकडून काय लागेल, हे तिन्ही एका दमात सांगायचं. ‘३१ तारखेला पूर्ण माल जमणार नाही. ६,००० नग ३१ ला निघतील, उरलेले ४,००० बारा तारखेला. त्यासाठी मला भागाचं बदललेलं ड्रॉइंग येत्या सोमवारपर्यंत तुमच्या सहीनं हवं.’ याला मोठं इंग्रजी लागत नाही, सातवीतलं पुरतं. लागतं ते हे की कॉलला बसण्यापूर्वी ६,००० आणि बारा तारीख हे आकडे तुमच्या खिशात असले पाहिजेत. आणि इथं तुम्ही इतरांपेक्षा पुढे आहात. सहा वर्षं नियोजन केलेल्या माणसाला मशीन कधी रिकामं होतं हे माहीत असतं. विक्रीतल्या बहुतेकांना ते विचारत फिरावं लागतं.

तुमचं ‘येस, येस’ सुटतं कारण तुम्ही रिकाम्या हातानं बसता. मी प्रत्येक कॉलआधी अर्धा कागद लिहायची, अजूनही कुणाला मदत करताना लिहिते. आपल्याला काय हवंय. किती खाली जायची मला परवानगी आहे आणि ती कुणी दिलीय. आपल्याला स्वस्तात देता येईल पण समोरच्याला मोलाचं वाटेल असं काय आहे. आणि सौदा फिसकटला तर आपल्या हातात काय उरतं. या शेवटच्या गोष्टीला कोर्सवाले इंग्रजी आद्याक्षरं जोडून ‘बाटना’ म्हणतात. नाव काहीही म्हणा, ते लिहिल्याशिवाय बसू नका, कारण दुसरा ग्राहक रांगेत आहे की नाही त्यावर तुमचा आवाज ठरतो. परवानगीचं तर आधी साहेबांकडून मेलवर घ्या. ‘मला अडीच टक्क्यांपर्यंत मुभा आहे, त्यापुढे विचारावं लागेल’ हे ज्याला स्वतःपुरतं स्पष्ट असतं तो घाबरत नाही. आणि तुमचे साहेब अशी मुभा द्यायलाच तयार नसतील तर तुमचं काम वाटाघाटीचं नाही, निरोप्याचं आहे. ते वाईट नाही, पण मग वाटाघाटी जमत नाहीत म्हणून स्वतःला बोल लावू नका.

आकडेमोड कशी उपयोगी पडते ते एका उदाहरणानं दाखवते. समजा १,००,००० डॉलरचा माल आहे. बाई किमतीत एक टक्का सूट मागतात आणि बोलता बोलता म्हणतात, पैसे नव्वद दिवसांनी देऊ. आपला माणूस त्या एका टक्क्यावर तासभर भांडतो आणि नव्वद दिवस हसत देऊन टाकतो. तुमच्या कंपनीला बँकेचा पैसा दहा टक्क्यांनी पडत असेल तर त्या नव्वद दिवसांची किंमत साधारण २,४६६ डॉलर होते. मागितलेली सूट होती १,००० डॉलरची. उलट तुम्हीच म्हणालात, ‘एक टक्का देतो, पैसे तीस दिवसांत द्या’, तर साठ दिवसांचे १,६४४ डॉलर वाचले, १,००० गेले, आणि बाईंना त्यांच्या साहेबांना दाखवायला सूट मिळाली. हिशेब खात्यातल्या माणसाशी चहा पिताना विचारा, आपल्याला पैसा कितीला पडतो. मला हे कळायला नऊ वर्षं लागली, कारण मी कधी विचारलंच नाही.

हे तसं आपल्याला नवं नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासळीच्या वाट्यावर घासाघीस कशी चालते ते आठवा. मासळीवाली दर मोडत नाही, कारण शेजारणीनं ऐकलं तर दिवसभराचा दर पडला. तुम्ही उठायला लागता, ती म्हणते, ‘बस गो बाय’, आणि वाट्यावर दोन बांगडे वयर घालते. दर तोच राहिला, तुम्हीही खूश. किंमत मोडण्याऐवजी दुसरं काहीतरी वर घालायचं, हे तिच्याइतकं मला कुणी शिकवलं नाही. तुमच्या धंद्यात दोन बांगडे म्हणजे काय? कदाचित त्यांच्या पेटीवर त्यांचं लेबल लावून देणं, नमुने आधी पाठवणं, दर आठवड्याला स्थितीचा तक्ता देणं. फुकट मात्र काही देऊ नका. काही दिलं की बदल्यात काहीतरी मागायचं, मग ते पैसे चार दिवस आधी इतकंच का असेना. फुकट मिळालेल्या गोष्टीला मोल राहत नाही आणि पुढच्या वर्षी ती मुळातच करारात होती असं धरलं जातं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. बाजारात उठून चालायला लागणं हा खेळाचा भाग आहे, परदेशी ग्राहकाच्या बाबतीत नाही. तिथं उठलात तर मागून हाक येत नाही.

आता गप्प बसण्याबद्दल. तुम्ही किंमत सांगता, पलीकडे शांतता. आपल्याला ती सोसत नाही. तीन सेकंदांत आपण म्हणतो, ‘पण थोडं कमी करता येईल म्हणा.’ समोरच्यानं एक शब्द काढलेला नसतो, आपणच आपल्याशी घासाघीस करून हरलेलो असतो. बहुतेक वेळा पलीकडचा माणूस आकडा लिहून घेत असतो, किंवा मनात भाषांतर करत असतो. मी टेबलाखाली बोटं मोजायची. दहा बोटं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. सुरुवातीला घाम फुटायचा, पण सवय होते.

तुमच्या जपानी ग्राहकाची शांतता वेगळी. १९९६ साली, मला वाटतं डिसेंबर असावा, आमच्या वास्कोच्या कचेरीत दोन जपानी पाहुणे आले होते. खनिजातल्या ओलाव्यापोटी किती वजन कापायचं यावर साहेबांनी एक प्रस्ताव मांडला. पाहुणे मान डोलावत ‘हाय, हाय’ म्हणत होते. जपानीत ‘हाय’ म्हणजे हो, एवढं साहेबांना माहीत होतं. ते खुशीत पाहुण्यांना दोना पावलाला जेवायला घेऊन गेले. चार दिवसांनी फॅक्स आला की प्रस्ताव विचाराधीन आहे, जरा कठीण वाटतो. साहेब म्हणाले, बघा, विचार करतायत. आमच्याकडचे म्हातारे शिपिंग मॅनेजर चष्मा पुसत म्हणाले, ‘साहेब, हे नाही म्हणालेत ते.’ आणि तसंच निघालं.

लहानपणी आजी गोष्ट सांगताना आपण हुंकार द्यायचो ना, तो बऱ्याचदा असतो तो हा ‘हाय’. ऐकतोय, पुढे बोला. पटलं असा त्याचा अर्थ धरू नका. ‘विचार करतो’ आणि ‘जरा कठीण आहे’ ही तिकडची सभ्य नकाराची रूपं, म्हणजे आपल्या ‘बघूया’ची चुलतभावंडंच. म्हणून मला नेहमी वाटत आलंय की जपान्यांचं बोलणं गोंयकाराला जर्मनांपेक्षा लवकर कळायला हवं, आपण फक्त इंग्रजी कानांनी ऐकतो म्हणून चुकतो. त्यांच्याकडे ‘नेमावाशी’ म्हणून एक शब्द आहे. झाड दुसरीकडे लावण्याआधी मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करायची, तो मूळ अर्थ. बैठकीआधी प्रत्येकाला एकेकटं गाठून मत बनवायचं, बैठकीत फक्त शिक्कामोर्तब, असा व्यवहारातला अर्थ. तेव्हा कॉलवर त्यांच्याकडून निर्णय मागू नका. प्रश्न आठवडाभर आधी लिहून पाठवा, आकड्यांसकट. कॉलवर विचारायचं ते एवढंच: ‘या कागदात आणखी काय घातलं तर तुमच्या सहकाऱ्यांना सोपं जाईल?’ उत्तर आलं तर गाडी पुढे जातेय. नुसताच हुंकार आला तर दुसरा प्रस्ताव तयार ठेवा.

हे सगळं सांगताना मला स्वतःचीच थोडी भीती वाटते, कारण जर्मन असे आणि जपानी तसे हे बोलणं फार लवकर गप्पाष्टकात जातं. तुमच्या त्या बाई कदाचित जर्मन म्हणून सरळ बोलत नसतील. त्यांच्या डोक्यावर त्यांचा साहेब बसला असेल, नाहीतर याआधीच्या दोन पुरवठादारांनी त्यांना फसवलं असेल. माझा सगळ्यात गोड बोलणारा ग्राहक हॅम्बुर्गचा होता. देशाची सवय पहिल्या दोन कॉलपुरती उपयोगी, नंतर माणूस बघायचा. सरळ विचारताही येतं: ‘माझ्या मेलमध्ये तुम्हाला कुठली माहिती नेहमी कमी पडते?’ असं विचारलं म्हणून रागावलेला ग्राहक मी बघितलेला नाही.

माणूस बघण्यावरून आठवलं. २००४ च्या सुमारास स्पेनचे दोघे आमच्या कचेरीत आले होते. आमचे अकाउंटंट पणजीतल्या फोंतेन्यासचे, पोर्तुगीज अमदानीत लिसेंवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाच्या शाळेत, शिकलेले. पोर्तुगीज येणाऱ्याला स्पॅनिश बरंचसं समजतं. साहेबांनी त्यांना कानात सांगितलं, तुम्ही नुसते कोपऱ्यात बसा, ते आपसात काय बोलतात ते ऐका. म्हातारबाबांनी आत येताच दोघांशी हात मिळवला आणि खणखणीत पोर्तुगीजमध्ये ‘बों दिया’ घातला. साहेबांचा चेहरा पडला. पण त्यानंतर अर्धा तास लिस्बन, फुटबॉल आणि बाकाल्याव (खारवलेला कॉड मासा) यांवर जी बैठक रंगली, तिच्यामुळे आमचा तो सौदा दोन तासांत उरकला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘लपून ऐकलेलं एकदाच उपयोगी पडतं.’

आता एक कोरडी पण महत्त्वाची गोष्ट. जर्मनांशी निम्मे गैरसमज आकड्यांत होतात. ते हजाराला टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम. त्यांचं १.५०० म्हणजे आपलं दीड हजार, आणि १,५ म्हणजे दीड. तुमच्या सुट्या भागांच्या मिलिमीटरमध्ये हे उलटंपालटं झालं तर काय होईल ते तुम्हाला जास्त कळतं. तारीख ०५/०६ अशी कधीच लिहू नका, महिन्याचं नाव लिहा. लाख-कोटी तोंडातून जाऊ देऊ नका. ‘हाफ नाइन’ म्हणजे इंग्रजांचे साडेनऊ, पण जर्मनच्या डोक्यात त्याच शब्दांना साडेआठ ऐकू येतात, तेव्हा वेळ आकड्यांतच सांगा. आपल्यात आणि त्यांच्यात उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचार. घड्याळ ते मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यानंतरच्या गुरुवारी तुम्ही तासभर आधी किंवा उशिरा बसलेले असाल. आणि ‘आय हॅव अ डाऊट’ लिहू नका. आपल्याला शंका विचारायची असते, त्यांना वाटतं याचा आपल्यावर विश्वास नाही. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हटलं की झालं. उच्चाराची काळजी सोडा. तुमच्या बाईही परक्या भाषेतच बोलतायत. वाक्यं छोटी ठेवा आणि सावकाश बोला. त्या भरभर बोलल्या तर थांबवा. ‘थांबा, हे मला लिहून घेऊ द्या’ या वाक्यात कसलाही कमीपणा नाही, उलट त्यांना बरंच वाटतं.

यातूनच पुढचं. कॉल संपल्यावर काय कबूल केलं ते आठवत नाही म्हणता, तर कॉल संपण्याच्या पाच मिनिटं आधी तुम्हीच वाचून दाखवा: हे ठरलं, हे राहिलं, हे मी करतो, हे तुम्ही, अमुक तारखेपर्यंत. मग तेच मेलनं त्याच दिवशी पाठवा. बाई घरी जायच्या आत. साडेतीन तासांचा फरक इथं तुमच्या फायद्याचा आहे, आपल्याकडे सात वाजले तरी तिकडे साडेतीनच असतात. आठ-दहा ओळींहून मोठी मेल कुणी वाचत नाही. ही मेल ज्याच्या हातची, त्याच्या शब्दांत करार लिहिला जातो, म्हणून ती लिहायचा कंटाळा करू नका. टेलेक्सच्या काळात साहेब मला हेच शिकवायचे, माझ्या नकळत शिकवायचे.

त्या मेलमध्ये मालाच्या जबाबदारीची अट पूर्ण लिहा. नुसतं ‘एफओबी’, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी आपली, एवढं लिहून सोडायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती बंदरावरच्या सुट्या मालाच्या काळातली. माझे बरेच कंटेनर रस्त्यानं न्हावा शेव्याला जायचे, ते घाटात अडकले तर जबाबदारी कुणाची यावर मी एकदा पंधरा दिवस भांडले आहे. कंटेनरच्या मालाला एफसीए जास्त योग्य, म्हणजे ठरलेल्या जागी ग्राहकाच्या वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की आपली जबाबदारी संपली. आणि अट, जागा, वर्ष हे तिन्ही हवं: ‘एफसीए, वेर्णा, इन्कोटर्म्स २०२०’. इन्कोटर्म्स म्हणजे मालाच्या जबाबदारीच्या जगभर मानल्या जाणाऱ्या अटी. एकूण अकरा आहेत, एका संध्याकाळी वाचून होतात, आणि तुमच्या ऐंशी हजारांतले निदान पाच हजार तिथेच वाचतात.

हो, कोर्स. फुकट जाईल असं म्हणत नाही. दोन-तीन वर्षं मार खाल्ल्यावर अशा वर्गात बसलं की आपल्या चुकांना नावं मिळतात, आणि तेव्हा ते पैसे वसूल होतात. आत्ता तुमच्याकडे चुकाच दोन महिन्यांच्या आहेत. कंपनी पैसे भरत असेल तर जरूर करा. स्वतःच्या खिशातून करणार असाल तर वर्षभर थांबा. चारचौघांत उभं राहून बोलायची धास्ती असेल तर टोस्टमास्टर्सच्या क्लबात जा. १९२४ पासून चालत आलेली, आता जगभर पसरलेली साधी पद्धत आहे, खर्चही फार नाही. पण तिथं भाषण शिकतात, सौदा नाही.

सौद्यासाठी दोन गोष्टी करा. पहिली, तुमच्या कंपनीच्या या दोन ग्राहकांच्या जुन्या मेल मागून घ्या, पाच वर्षांच्या मिळाल्या तर पाच वर्षांच्या, आणि तारखेनुसार वाचा. कादंबरीसारख्या. बाई पहिल्यांदा कधी रागावल्या, त्याआधी आपल्याकडून कुठलं वाक्य गेलं होतं, सूट मागायला त्या दरवर्षी कुठल्या महिन्यात येतात, जपानी गृहस्थ ‘कठीण आहे’ म्हणाल्यानंतर शेवटी किती वेळा माल घेतला, हे सगळं तिथं पडलेलं असतं आणि कुणी बघत नाही. मी पगार घेऊन सात वर्षं हेच वाचलं. दुसरी, बुधवारी अर्धा तास एखाद्या सहकाऱ्याला समोर बसवा. त्यानं तुम्ही व्हायचं आणि तुम्ही त्या बाई. स्वतः बाई होऊन ‘तारीख कुठली? तारीख सांगा’ असं तीनदा विचारलंत की त्यांना काय हवं असतं ते मी लिहिलेल्या दहा पानांपेक्षा लवकर कळेल. घरचा सराव म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याशी भाडं तुम्ही बोला, गाडीच्या विम्याचं नूतनीकरण तुम्ही करा. चुकलात तर पाचशे रुपयांत चुकाल.

या गुरुवारचं म्हणाल तर त्या ‘ट्राय अवर बेस्ट’वाल्या मेलचा खुलासा आजच करून टाका, बाईंनी विचारायची वाट बघू नका. महिनाअखेरीस किती नग, उरलेले कधी, आणि तारीख आधी मोघम दिली याबद्दल एका ओळीत दिलगिरी, बस. कारणांची माळ लावू नका. आणि त्याच मेलच्या शेवटी चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीच्या सुट्टीचं, लिहा. त्या आठवड्यात तुमच्या कारखान्यात किती माणसं असतात हे तुम्ही सहा वर्षं बघितलंय, बाईंना ते कुणी कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत उत्पादन थंड असेल, तेव्हा फोन कोण उचलेल, आणि माल त्याआधी हवा असेल तर ऑर्डर कधीपर्यंत यायला हवी, एवढं पुरे. बहुतेक त्या उलट मेलनं त्यांच्या ऑगस्टच्या सुट्ट्या कळवतील.